कसर कोणाची?

लकडगंज या नावातच लाकूड आहे. नागपूरच्या पूर्व भागातील ही वस्ती लाकडाच्या वखारींसाठी आणि आरामशिनींसाठी ओळखली जाते. येथील जाणत्या सुताराने सागाची फळी हातात घेतली, की तिच्यात गाभा किती आणि गाभ्याबाहेरचे पांढरे लाकूड किती, हे तो आधी पाहतो. कारण वाळवी, जिला आमच्या विदर्भात उधई म्हणतात, ती सागाच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. तिला न मानवणारी द्रव्ये निसर्गानेच त्या गाभ्यात भरून ठेवली आहेत. पांढरे लाकूड मात्र तिच्या स्वाधीन असते. झाडाची ही सर्व संरक्षणे काढून टाकली, त्याला कठीणपणा देणारा अंश रसायनांत शिजवून वेगळा केला आणि उरलेला मऊ तंतू पातळ पसरून वाळवला, म्हणजे कागद तयार होतो. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरच्या कारखान्यात बांबूचे असेच केले जाते. तात्पर्य, कागद म्हणजे कवच उतरवलेले लाकूड. कीटकाच्या दृष्टीने तर शिजवून ताटात वाढलेला घास. आणि अशा या निराधार पदार्थावर माणसाने आपले कायदे, आपली काव्ये, आपल्या प्रार्थना आणि आपल्या जन्ममृत्यूच्या नोंदी लिहून ठेवल्या आहेत.

यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो केवळ ग्रंथपालांचा नाही. जे एक ना एक दिवस नाश पावणारच आहे, ते राखण्याचे बंधन आपल्यावर खरोखरच आहे काय? असल्यास ते कोणाप्रती? आणि दाराशी भुकेला उभा असताना जुन्या पुस्तकाची चिंता करणे हे नीतीला धरून होईल काय? आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एक कपाट असते. ते सहसा प्रार्थनामंदिराच्या मागील खोलीत, भिंतीला टेकून उभे असते. त्याच्याकडे पाहूनच आम्ही हा विचार वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रथम नाश कसा होतो ते पाहू. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते पुस्तकावर वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि ओलाव्याची वाट पाहतात. हवेतील आर्द्रता शेकडा ६५ ते ७० च्या वर जाऊन बराच काळ तेथेच राहिली, की त्यांना अंकुर फुटतात. बांधणीची खळ, पुठ्ठ्यावरचे कापड, जुन्या कागदाला दिलेला सरस हे त्यांचे पहिले अन्न. पुढे बुरशीतून स्रवणारे पाचक रस कागदाच्या तंतूचेच तुकडे करतात. पान मऊ पडते, त्यावर तपकिरी, काळे, कधी जांभळट डाग उमटतात आणि अखेर बोट लावताच ते कापसासारखे विस्कटते. कोकणात आणि गोव्यात हे संकट पावसाळाभर असते. नागपूरकरांना वाटते, की आपली हवा कोरडी असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कागद शुष्क होऊन कडकतो आणि जूनमध्ये पाऊस येताच तोच कागद ओलावा शोषून फुगतो. ही ओढाताण दरवर्षी होते. शिवाय उन्हाळ्यात आपण खिडकीला कूलर लावतो. त्याचा दमट वारा ज्या भिंतीवर आदळतो, तेथेच पुस्तकांचे कपाट असेल, तर बुरशीला पावसाची वाट पाहण्याचीही गरज उरत नाही.

कीटकांची रीत प्रत्येकाची वेगळी. चंदेरी अंगाची, माशासारखी निसटणारी कसर पानाचा वरचा थर खरवडून खाते. अक्षरे अर्धवट उरतात. झुरळे पुठ्ठ्याची खळ चाटतात. भुंगेऱ्याची अळी पुस्तकाच्या पाठीतून आत शिरते, महिनोन् महिने पानापानांतून बोगदा कोरीत राहते आणि पंख फुटल्यावर एक वाटोळे छिद्र पाडून उडून जाते; ते छिद्र आपल्या नजरेस पडते तेव्हा तिचे काम संपलेले असते. वाळवी सर्वांत निराळी. तिला उजेड सोसत नाही. ती जमिनीतून मातीची नळी बांधीत येते, कपाटाच्या मागल्या फळीतून पुस्तकात शिरते आणि आतून सर्व खाते, पण वरचे वेष्टन तसेच ठेवते. रांगेत उभे असलेले पुस्तक बाहेरून धडधाकट दिसते. हात लावला की समजते, की आत माती भरली आहे.

या बाहेरच्या शत्रूंखेरीज एक आतला शत्रूही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद सर्वत्र रूढ झाला. त्यावर शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ यांचे मिश्रण दिले जाई. त्यातून उत्पन्न होणारे आम्ल कागदाला हळूहळू आतूनच जाळते. म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वीच्या हातकागदाची पोथी कित्येकदा शाबूत असते आणि शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक उघडताच त्याचा चुरा होतो. येथे दोष द्यायला कीडही नाही आणि पाऊसही नाही.

आता या नाशाचे आपल्याशी सर्वांत जवळचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी या मातीची भाषा इतकी आपलीशी केली, की सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीन आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत हाती नाही. ज्या गोव्यात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना सुरू झाला, त्याच गोव्यातील सर्वांत थोर मराठी ख्रिस्ती ग्रंथाच्या छापील प्रतींचे एक पानही उरले नाही! कोकणपट्टीची दमट हवा, कसर आणि वाळवी तेथे होतीच. पण त्यांच्या जोडीला माणसेही होती: १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. ज्या भाषेतील पुस्तक उघडणेच संशयास्पद ठरते, त्या भाषेतील पुस्तकाला उजेड आणि वारा कोण दाखवणार?

असे असूनही ख्रिस्तपुराण आज आपण वाचू शकतो. ते कसे? लोकांनी त्याच्या हस्तलिखित नकला केल्या म्हणून. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्या जपल्या गेल्या, त्यांचे वाचन होत राहिले. १७८४ साली टिपू सुलतानाने जे ख्रिस्ती लोक कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, त्यांना याच ओव्यांनी धीर दिला असे परंपरा सांगते. अशा नकलांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला हा ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांच्यामुळे अभ्यासकांना ठाऊक झाले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली आणि १९९६ साली कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून निघाली. छापखान्याच्या शेकडो प्रती गेल्या आणि हाताने केलेल्या मोजक्या नकलांनी ग्रंथ तारला.

आमच्या विदर्भातही याच जातीची एक कथा आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, साक्षीदारांना विचारून, श्रीचक्रधरांच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या. महानुभाव परंपरा सांगते, की परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला. पोथी गेली, पण तिच्यावर जीव लावलेली माणसे राहिली होती.

येथे कोणी विचारील, की मग कागदाची एवढी चिंता का? प्रभू येशूने पर्वतावरील प्रवचनात पृथ्वीवर धन साठवू नका असे सांगताना कसर आणि जंग यांचीच नावे घेतली नाहीत काय? घेतली. तथापि कोणत्या साठवणीविषयी तो बोलत होता, हे पाहिले पाहिजे. या संदर्भात आम्हाला निर्गम ग्रंथातील सोळावा अध्याय फार बोलका वाटतो. अरण्यात इस्राएली लोकांना रोज पुरेल एवढा मान्ना मिळत असे. काहींनी उद्याच्या भीतीने तो लपवून ठेवला, आणि सकाळी त्यात किडे पडून दुर्गंधी सुटली. पण त्याच अध्यायाच्या अखेरीस मोशे अहरोनाला एका पात्रात ओमेरभर मान्ना घालून परमेश्वरासमोर ठेवण्यास सांगतो, की पुढच्या पिढ्यांनी तो पाहावा. तोच मान्ना, एक साठा नासला, दुसरा राखला गेला. फरक पदार्थात नव्हता, हेतूत होता. स्वतःसाठी दडवले त्यात कीड पडली. येणाऱ्यांसाठी ठेवले ते टिकले. साठवणे आणि राखणे या दोन क्रिया वरून सारख्या दिसल्या, तरी नीतीच्या दृष्टीने त्या परस्परांच्या उलट आहेत. साठवणारा मालक असतो, राखणारा विश्वस्त.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे. जुन्या वह्या आणि पोथ्या वाचवण्यावर वेळ व पैसा घालवावा, की उपाशी माणसाच्या मुखी घास घालावा? या आक्षेपाला बगल देऊन चालणार नाही. चौथ्या शतकात मिलानचे महागुरुस्वामी संत आंब्रोज यांनी युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी मंदिरातील पवित्र पात्रे वितळवून विकली आणि टीका झाली तेव्हा आपल्या कृतीचे ठाम समर्थन केले. जेथे एका बाजूला जिवंत माणूस आणि दुसऱ्या बाजूला वस्तू, मग ती कितीही पवित्र असो, तेथे ख्रिस्ती विवेकबुद्धीने क्षणभरही घुटमळू नये. पुस्तक विकून माणूस वाचत असेल, तर पुस्तक विकावे.

पण मग स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारावे: आपल्या कपाटातील जी पुस्तके वाळवीने खाल्ली, ती आपण भुकेल्यांना जेवू घालण्यात गुंतलो होतो म्हणून खाल्ली गेली काय? त्या नाशातून कोणाचे पोट भरले? कपाटाची कडी वर्षभर काढली नाही, त्यात त्यागाचा लवलेशही नसतो. हेळसांडीला दानधर्माचे नाव देणे ही स्वतःचीच फसवणूक होय. आणि गरिबांचाच विचार करायचा, तर एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. सधन माणसाच्या अस्तित्वाचे दहा पुरावे दहा ठिकाणी असतात. पोट भरण्यासाठी गाव सोडून शहरात आलेल्या मजुराचे नाव, त्याच्या आईबापांचे नाव आणि जन्माची तारीख कित्येकदा एकाच ठिकाणी लिहिलेली असते: धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या वहीत. त्याला विवाहासाठी, मुलाच्या शाळेसाठी वा अन्य कामासाठी दाखला लागतो तेव्हा त्या वहीतील एक ओळ हीच त्याची मिळकत असते. ती ओळ कसरीने खाल्ली, तर नुकसान आपले नाही, त्याचे होते.

ख्रिस्तसभेने हे कर्तव्य फार पूर्वी ओळखले. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदींची वही धर्मगुरूने काळजीपूर्वक जपावी असे फर्मावले. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ५३५ वा नियम प्रत्येक धर्मग्रामात नोंदवह्या व दप्तर ठेवण्यास सांगतो आणि जुन्या वह्यांचेही जतन करण्याची आज्ञा देतो. ग्रंथरक्षणाच्या आधुनिक शास्त्रालाही आपल्याच एका धर्मगुरूने चालना दिली. व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख, येशूसंघीय फादर फ्रान्झ एर्ले यांनी १८९८ साली स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथे जुन्या हस्तलिखितांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय परिषद बोलावली. पुढे १९३८ साली रोममध्ये ग्रंथांच्या रोगांचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था अल्फोन्सो गाल्लो यांनी उभी केली. ग्रंथालाही रोग होतात आणि रोग्याप्रमाणे त्याचीही शुश्रूषा करावी लागते, ही दृष्टी त्यातून रुजली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांत शिरला, तेव्हा देशोदेशीचे तरुण चिखलात उभे राहून, हातोहात ग्रंथ बाहेर काढीत होते. बुरशी चढण्यापूर्वी ते वाळवायचे होते. लोकांनी त्यांना ‘चिखलातील देवदूत’ म्हटले. त्या ग्रंथांपैकी एकही त्यांच्या मालकीचा नव्हता.

तर मग बुरशी आणि कीटक हे दुष्ट आहेत काय? रानात पडलेली पाने आणि उन्मळलेली झाडे कुजवून त्यांची पुन्हा माती करण्याचे काम याच बुरशीकडे आणि याच वाळवीकडे सोपवलेले आहे. त्या नसत्या, तर मेळघाटचे अरण्य आपल्याच पानगळीखाली गाडले गेले असते. संत ऑगस्टीन, ज्यांना संत आंब्रोज यांच्याच हातून ३८७ साली स्नानसंस्कार मिळाला, त्यांनी एके ठिकाणी क्षुद्र किड्याच्या घडणीचीही स्तुती केली आहे. निर्मात्याने घडवलेले सर्व चांगले आहे, आणि दुष्टत्व ही स्वतंत्र वस्तू नसून चांगल्याचा अभाव आहे, हा त्यांचा सिद्धान्त आम्ही सेमिनरीत शिकलो. तो समजून घेण्यासाठी किडीने खाल्लेल्या पानासारखे दुसरे उदाहरण नाही. पानावरील छिद्र ही काही वस्तू नव्हे. तेथे असायला हवे होते ते अक्षर नाही, एवढेच.

आपल्या भाषेत ‘कसर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कागद आणि कापड खाणारा कीटक ही एक कसर. आणि उणीव, तूट, कमतरता ही दुसरी. शब्दांचे मूळ वेगवेगळे असेल, पण योग अर्थपूर्ण आहे. पहिली कसर तिच्या स्वभावाप्रमाणे वागते; तिला अक्षर आणि कोरा कागद यांतला भेद ठाऊक नाही. दुसरी कसर आपली आहे. जे करायचे ते आपण केले नाही, त्या रिकाम्या जागेतून पहिली आत शिरते. पवित्र मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ती कबुली देताना पुस्तकाचे कपाट आपल्या मनात येत नाही. यायला हरकत नाही.

ग्रंथांचे शत्रू कोणते, याची जाण आपल्या पूर्वजांना होती. पोथीच्या शेवटी लेखनिक विनवणी करीत असे, की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. त्या यादीत माणसाचे नाव आहे, हे लक्षणीय होय. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात शिरलेल्या जमावाने जे केले, तेवढे करायला वाळवीला कित्येक वर्षे लागली असती.

उपाय अवघड नाहीत आणि महागही नाहीत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीतूनच येतात. पुस्तके इतकी दाटीने भरू नयेत, की हवा खेळणार नाही. पावसाळा संपताच प्रत्येक वही बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवावी आणि मऊ फडक्याने पुसावी. कडक उन्हात मात्र ठेवू नये, कारण ऊन कागद व शाई दोन्ही जाळते. बुरशी आलेले पुस्तक ताबडतोब वेगळे करावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड ही जुनी साधने आजही उपयोगी आहेत. पण साधन कोणतेही असो, वर्षातून दोनदा कपाट उघडणारा हात नसेल, तर ते व्यर्थ आहे. किडीला अंधार, ओल आणि निवांतपणा हवा असतो. पुस्तक उघडण्याने या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात.

अलीकडे अनेकांना वाटते, की सर्व पानांची छायाचित्रे घेऊन संगणकात ठेवली, म्हणजे चिंता मिटली. ते अवश्य करावे. ख्रिस्तपुराणाच्या नकला करणाऱ्यांनी त्यांच्या काळी हेच केले. पण तबकडी बिघडते, यंत्र कालबाह्य होते आणि ज्याला सांकेतिक शब्द ठाऊक तो बदलून जातो. संगणकातील नक्कलही दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते. साधन बदलले तरी नियम तोच राहतो, की प्रत्येक पिढीने पुन्हा एकदा हात लावल्याशिवाय काहीही टिकत नाही.

सर्वच राखता येणार नाही आणि सर्वच राखण्याजोगे नसते, हेही खरे. निवड करावी लागेल. पण निवड आपण करावी. ती वाळवीवर सोडू नये. आपण ज्या कागदांचे राखणदार आहोत ते अमर होणार नाहीत. आपल्याकडून तशी अपेक्षाही नाही. ज्यांनी ते आपल्या हाती दिले त्यांच्यापासून ज्यांच्या हाती द्यायचे त्यांच्यापर्यंत ते पोहोचावेत, एवढीच जबाबदारी आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी, मिस्सा संपल्यावर, धर्मग्रामातील चार तरुणांनी आणि दोन वडीलधाऱ्यांनी मिळून ते मागील खोलीतील कपाट उघडावे. वह्या एकेक करून बाहेर काढाव्यात. त्यांत त्यांना आपल्या आजोबांचे नाव सापडेल, पणजीचे सापडेल, आणि ज्यांचे कोणी उरले नाही अशांचीही नावे सापडतील. त्या शेवटच्या नावांवरील धूळ अधिक काळजीने पुसावी.